यल्लव्वाला उकडतं

बेळगावाला कुणीतरी गरिबांचं महाबळेश्वर म्हणून ठेवलंय. म्हणणारा कॅम्पातल्या एखाद्या वडाखाली उभा राहून बोलला असणार. तिथल्याच विणकरांच्या वडगावात, खाली चार माग धडधडतायत आणि डोक्यावर तापलेला स्लॅब, अशा खोलीत एप्रिलातली एक दुपार काढली असती तर बिचारा शब्द मागं घेऊन गेला असता.

यल्लव्वा त्या खोलीत दोन वर्षं होती.

दोन वर्षांमागं मोरीत पाय घसरून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, जिन्याचं नाव काढू नका. घरी आणली तेव्हा तिच्या पोरानं, शिवराजनं, विचार केला की खाली मागांचा दणदणाट, सुताची पिंज नाकातोंडात जाणारी, त्यापेक्षा वरच्या खोलीत चार दिवस निवांत पडू दे. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेली. जिना लोखंडी आणि अरुंद. वळणावर खुर्ची अडकली तेव्हा मागावरचा कामगार रवळू धापा टाकत म्हणाला, "आक्का, देवीची पालखी बी एवढी जड नसतीय."

"पालखी परत खाली बी येतीय रं," यल्लव्वा म्हणाली. सगळे हसले. तीही हसली.

खाली पुढच्या दाराशेजारी भिंतीकडेला तिची खाट असायची. तीन महिने ती जागा रिकामी राहिली. मग शिवराजला एक जुना माग बऱ्या भावात मिळाला आणि तो तिथं बसला. चौथा माग. रवळू त्याच्यावर कायमचा लागला. त्या मागानंच घराला जरा श्वास घेता आला, रक्षाची कॉलेजची फी वेळेवर जायला लागली. कुणी म्हातारीला हाकललं नव्हतं. उलट तिच्यासाठी वरच संडास बांधला, पंखा नवा आणला, भिंतीवर टीव्ही लावला. एकेक सोय वर चढत गेली आणि यल्लव्वाचं खाली उतरायचं कारण एकेक करून संपत गेलं.

घराची रीतच अशी की दिवसा सगळं खाली. मागं स्वैपाकघर, पुढं माग. सून स्वरूपा चूल सांभाळून कांड्या भरायची, म्हणजे मागावर आडव्या पळणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. शिवराज मागावर. नात रक्षा कॉलेजात. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे जेवून वर यायचे ते थेट गच्चीवर, गादी टाकून वाऱ्याला झोपायला. यल्लव्वाला गच्चीचाही जिना नको आणि खालचाही.

"माजं कसं झालंय," ती एकदा शेजारच्या गंगव्वाला खिडकीतून ओरडून म्हणाली होती, "खालची खाली, वरची वर, आनि मी मधी. वळचणीला आडकल्याल्या पतंगावानी."

गंगव्वाच्या घरी कानडी. तिनं वर बघून पदरानं वारा घेतला. "भाळ शेकी ऐत नोड, यल्लव्वाक्का."

कानडीत शेकी म्हणजे उकाडा. यल्लव्वा म्हणाली, "आमच्यात शेक कमरेला देत्यात गं. हितं समद्या अंगाला देतोय देव. आनि फुकाट."

मागांच्या आवाजात वरून मारलेली हाक खाली ऐकू येत नाही. काठी आपटली तरी नाही. म्हणून शिवराजनं तिच्या उशाशी एक बटण बसवून दिलं होतं. ते दाबलं की खाली चौथ्या मागाच्या वर तांबडा दिवा लागायचा. रवळू ओरडायचा, "मालक, आक्काचा दिवा!" मग कुणीतरी हात पुसत वर यायचं.

"काय पायजे, आत्त्या?"

आता इथं यल्लव्वाची पंचाईत व्हायची. बटण दाबलंय म्हणजे काहीतरी पाहिजे असणार. आणि पाहिजे असं काही नसायचं. तांब्यात पाणी असायचं, गोळ्या घेतलेल्या असायच्या, टीव्ही चालू असायचा. 'एकटीला करमंना' असं म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. तसं म्हटलं की ते सुनेला लागणार, पोराला लागणार, आणि दोघंही बारा-बारा तास राबणारी. कुणालाच लागणार नाही असं एकच गाऱ्हाणं होतं, ते सूर्याचं.

"उकडतंय गं," ती म्हणायची.

स्वरूपा पंखा वाढवायची, तिच्या मानेवरचा घाम पुसायची, दोन शब्द बोलायची आणि खाली जायची. दोन शब्द मिळायचे. असं करत करत उकाडा हे यल्लव्वाचं दुखणं होऊन बसलं. हिवाळ्यातही ती एकदा म्हणाली, उकडतंय, आणि स्वरूपानं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

यंदाचा उन्हाळा मात्र खराच कडक निघाला. शिवराज मनावर घेणारा गडी. एकदा आई म्हणाली ना उकडतंय, मग उकाडा घालवायचाच. एसी घ्यायची ऐपत नव्हती, कूलरनं खोली नुसती दमट व्हायची. म्हणून त्यानं स्वस्तातले उपाय धरले.

पहिल्यांदा दुपारी बाराला गच्चीवर पाइप धरून पाणी मारलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज आला आणि तासाभरात खोलीचं इडलीपात्र झालं.

"शिजली का न्हाय बघ रं मी," यल्लव्वा म्हणाली. "काडी टोचून बघ."

मग रक्षानं मोबाइलवर बघितलं. छत पांढरं करायचं. पांढऱ्यावरनं ऊन परत जातं म्हणे.

"चुना लावायचा?" शिवराज म्हणाला. "लई सोपं हाय की."

"पप्पा, नुसता चुना पुसून जातो. त्यात चिकट काहीतरी घालायला पाहिजे."

"डिंक आना मालक, त्यो सुताराचा पांढरा," रवळू म्हणाला.

शिवराजच्या तोंडावर हसू आलं. विणकराच्या घरात चिकट म्हटलं की एकच गोष्ट सुचते. "डिंक कशाला? खळ हाय की आपली!"

खळ म्हणजे मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची पातळ पेज. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला ती पाजतात, म्हणजे सूत कडक होतं, विणताना तुटत नाही. आता ताणा गुंडाळलेले रूळ, म्हणजे बीम, तयार येतात, खळ पाजायचं काम घरात उरलं नाही, पण शिवराजच्या बापानं, सिद्रामनं, जन्मभर खळ शिजवलेली. शिवराज तिच्याच वासात वाढलेला. त्यानं मागच्या अंगणात मोठं पातेलं चढवलं. मैदा, थोडं गोडं तेल, वर भिजवलेला चुना. वास जिन्यानं वर आला आणि यल्लव्वा खाटेवर उठून बसली.

खळीत मोरचूद घालायचं असतं. चिमूटभर निळा खडा कुटून. न घालता खळ केली की सुताला किडामुंगी लागते. सिद्राम हे कधी विसरायचा नाही, आणि विसरला तर यल्लव्वा आठवण करायची. आता तिनं बटणाकडं हात नेला.

आणि मागं घेतला. का घेतला, हे तिला त्या दिवशी विचारलं असतं तर म्हणाली असती, मला कुठं कुणी विचारलं. ते खोटं नव्हतं.

शिवराज आणि रवळूनं केरसुणीनं गच्चीभर तो चुना ओढला. गच्ची दुधासारखी झाली. डोळे दिपायचे. गल्लीतली माणसं बघायला यायची. जिन्यानं चढताना यल्लव्वाच्या दारातून डोकावून म्हणायची, "बरी हाईस न्हवं, आक्का?" आणि उत्तर यायच्या आत गच्चीवर. उतरताना शिवराजशी बोलत उतरायची. यल्लव्वानं दारात खुर्ची ओढून घेतली, तरी पायांच्या पलीकडं तिच्या वाट्याला काही आलं नाही.

आणि खोली गार झाली. पंख्याखाली बसवायला लागलं. शिवराज खूश. "आता उकडतंय काय, आई?"

"न्हाय," ती म्हणाली. खरं तेच म्हणावं लागलं. दोन दिवस तिनं बटण दाबलं नाही. दाबून काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

पहिल्यांदा काळ्या, भिंतीच्या कडेनं एक रांग, शिस्तीत. मग दुसरी. दुपारपर्यंत तांबड्या. गच्चीवर तर सगळ्या वडगावची मुंगी जेवायला बसली होती. तेल घालून शिजवलेला मैदा, वर ऊन खाऊन खमंग झालेला. कावळे टोचा मारून पोपडे काढत होते. खाटेच्या पायावरून रांग चढली आणि यल्लव्वानं बटणावर बोट ठेवलं ते काढलंच नाही.

"मालक, आक्काचा दिवा! इझंनाच झालाय!"

शिवराज धावत आला, मागून स्वरूपा, मागून रवळू. खाटेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. हळद पसरली, खडूच्या रेघा मारल्या. रक्षा कॉलेजातून आली ती पिशवी टाकून झाडू घेऊन भिडली. यल्लव्वाला टेबलावर बसवली आणि तिथून ती हुकूम सोडत होती.

"त्या कोपऱ्यात बघ. आरं डोळं हायत का बटणं? ती बघ, आंडी घेऊन चालली. भाड्याची खोली बघून आल्यागत आल्यात."

"आज्जी, तू नुसती हसतेस," रक्षा म्हणाली.

"मग काय रडू? तुज्या बापानं गावजेवन घातलंय मुंग्यास्नी. मोरचूद घालायचं न्हाय व्हय रं खळीत?"

शिवराज झाडू हातात घेऊन थांबला. "तुला ठावं हुतं?"

"ठावं नसायला काय झालं?"

"मग सांगायचं न्हाय?"

"तू कुठं इचारलास?"

रवळू इतका हसला की खडूच्या रेघेवर बसला. त्या दिवशी माग अर्धा दिवस बंद राहिले. सगळ्यांनी चहा वर, यल्लव्वाच्या खोलीत, उभ्यानं पिला. शिवराजनं तिच्या लुगड्यावरच्या मुंग्या एक एक करून टिपल्या. त्याच्या केसात सुताची पिंज होती, ती यल्लव्वानं काढली. असा तो तिच्या हाताला येईल इतक्या जवळ कधी बसला होता, ते तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी गच्ची खरवडून धुतली आणि पुन्हा आठ ते आठ ती आणि टीव्ही.

पुढचा उपाय स्वरूपाचा. ती जांबोटीकडची, भाताच्या मुलखातली. तिचा भाऊ नागोजी टेम्पोतून पिंजर घेऊन आला. पिंजर म्हणजे भाताचा वाळला पेंढा. खरवडलेल्या गच्चीवर परत चुना दिला, या खेपेला डिंक घालून. त्यावर, गाद्यांपुरती जिन्याकडची कड सोडून, हातभर जाडीचं पिंजर, वर हिरवी जाळी ताणून कडेनं विटा. खाली खोलीत स्वरूपानं पूर्वेच्या खिडकीला जुनं सुती लुगडं लावलं, त्याचं खालचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. लुगडं आपोआप पाणी ओढून ओलं राहायचं. पश्चिमेची खिडकी दिवसभर बंद. पहाटे दोन्ही सताड उघडायच्या, ऊन चढायच्या आत लावून घ्यायच्या.

"ही तर मागाची रीत," यल्लव्वा म्हणाली. आणि खरंच होतं. खाली मागाच्या घरात उन्हाळ्यात कुणी वारा येऊ देत नाही. खिडक्यांना ओली पोती, जमिनीवर पाण्याचा शिडकावा, कारण कोरड्या हवेत सूत तडातडा तुटतं. माणूस घामानं निथळला तरी चालेल, सुताला गारवा पाहिजे. तिच्या उमेदीत तर खड्ड्याचे हातमाग होते. विणणारीनं खड्ड्यात पाय सोडून बसायचं. बाहेर गाव भाजून निघायचं आणि घोट्यापर्यंत जमिनीची गार ओल. ते खड्डे पुढं डबर घालून बुजवले आणि त्यावर पॉवरलूम बसले.

या वेळी खोली अशी गार झाली की भर दुपारी यल्लव्वाला चादर ओढावी लागली.

शिवराज रोज सकाळी खाली जाताना दारात थांबून विचारायचा, "कसं काय, महाबळेश्वर?" आणि ती म्हणायची, "झ्याक हाय." तो समाधानानं जिना उतरायचा. त्याच्या डोक्यावरनं एक ओझं उतरलं होतं, ते त्याच्या पायांच्या आवाजावरनं कळायचं. आईचा प्रश्न सुटला होता.

ती मागांचे आवाज ऐकत पडायची. आवाज जमिनीतून खाटेत आणि खाटेतून तिच्या मोडक्या खुब्यात यायचा. तिसरा थांबला, धोटा अडकला असणार. दुसरा अडखळतोय, पट्टा सैल झालाय. चौथा रवळूचा, सुरेल. तिच्या खाटेच्या जागेवर चालणारा. तिला त्या मागाचा राग यायचा नाही. त्याच्यावर किती इंच कापड उतरलं असेल, असं ती मनात धरत राहायची. पण कधी कधी हुक्की यायची की खाली जाऊन एकदा हात लावून बघावं, कापड घट्ट आहे की विरळ. पुढच्या दारातनं कोण गेलं, कुणाची सून माहेराहून आली, कोथिंबीरवाला कितीला जुडी देतोय आणि गंगव्वा त्याला कशी पिडतेय, ते बघावं. एकदा तिनं कांड्या भरायला मागितल्या होत्या. "बस की आता निवांत, आई," शिवराज म्हणाला होता. "लोक म्हनतील, मोडल्याल्या म्हातारीला कामाला लावली."

चार दिवस तिनं निवांतपणा सोसला. पाचव्या दिवशी दुपारी वॉकर धरून उठली. काठीनं पश्चिमेच्या खिडकीची कडी खाली पाडली.

ऊन एकदम आत पडलं. पाठोपाठ झळ आली, भट्टीचं दार उघडल्यासारखी. ओलं लुगडं तिनं बाजूला सारलं. खाटेवर बसून वाट बघितली. तासाभरात घाम फुटला, तोंड तांबडं झालं. मग खिडकी लावून घेतली, लुगडं सारखं केलं आणि बटण दाबलं.

शिवराज आला. "काय गं?"

"उकडतंय."

"आज बी?" त्यानं स्टुलावर चढून छताला हात लावला. "छत तर गार हाय." भिंतीला लावला. बादली बघितली. जरा वेळ खाटेवर टेकला, कोड्यात पडून. "कुठनं येतोय ह्यो उकाडा?"

"कुनाला ठावं बाबा. बस जरा, जाईल."

तो बसला. पाच-दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. गच्चीवर जाऊन पिंजर आणखी जाड केलं. रक्षाला म्हणाला, बघ गं मोबाइलवर, छत गार आणि खोली गरम, असं कशानं होतंय. मागाचं काम टाकून तो उकाड्याच्या मागं लागला होता, आणि यल्लव्वा घाम पुसत त्याच्याकडं बघायची. पोरगं वाळलं होतं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. हे तिनं याआधी नीट बघितलंच नव्हतं.

चोरी पकडली स्वरूपानं. ती भर दुपारी ताक घेऊन दिवा लागायच्या आधीच वर आली. खिडकी सताड उघडी, लुगडं गुंडाळून ठेवलेलं आणि सासू उन्हाच्या पट्ट्यात डोळे मिटून बसलेली, घामानं चिंब.

"आत्त्या! ह्ये काय चाललंय?"

यल्लव्वानं डोळे उघडले. चोरून साखर खाताना धरलेल्या पोरासारखं तिचं तोंड झालं.

"उकडतंय गं."

"खिडकी उघडी टाकल्यावर उकडंल न्हाय तर काय हुईल? चक्कर येऊन पडला म्हंजे? त्यो मानूस तिकडं येडा व्हायचा ऱ्हायलाय, छत गार आनि खोली गरम म्हनून!"

"येडा हुतोय, पर वर येतोय न्हवं?"

स्वरूपाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"गार झालं की कुनी येत न्हाय बघ," यल्लव्वा म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला काय बाई उकाड्याचं? जलम उकाड्यात गेला. तुमी खोली गार करताय, गार करताय, आनि मी तितंच घट्ट बसतीय. आता म्हनायला काय तोंडच ऱ्हायलं न्हाय मला."

स्वरूपानं खिडकी लावली. तांब्या सासूच्या हातात दिला. आणि तिच्याजवळ बसून राहिली, खाली कांड्या संपल्या असतील हे माहीत असून.

संध्याकाळी माग बंद झाल्यावर शिवराज वर आला. गच्चीवर गेला नाही. खाटेच्या पायथ्याला बसला.

"खाली यायचंय व्हय तुला?"

"मी कुठं म्हनलं?"

"मग काय म्हनलंस?"

"उकडतंय म्हनलं."

"आई."

 ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "एकटीला किती बघायचं रं टीव्हीकडं. त्यो बी माज्याकडं बघून दमला आसंल."

शिवराजनं तोंडावरून हात फिरवला. "चौथा माग इकू? तुजी खाट हुती तितं परत टाकू."

"डोस्कं फिरलंय तुजं?" यल्लव्वा एकदम ताठ बसली. "रवळूनं कुठं जायाचं? पोरीचं कॉलेज? माग उठवल्याल्या जाग्यावर झोप लागंल व्हय मला? इनकराची हाय मी."

"मग कसं करू सांग की. रोज चौघांनी उचलून न्यायचं म्हनलं तर चारी माग थांबत्यात. खालचा संडास उकिडवा, तुला बसता यायचं न्हाय. बसवू कुठं? दारातनं बीम न्ह्यायला जागा लागतीय."

"म्हनूनच बोलले न्हाय. बोलून तुला कात्रीत धरायचं, एवढंच हुनार हुतं."

दोघंही खरं बोलत होते.   वरून रक्षानं हाक मारली, पप्पा, गाद्या टाकल्या, तरी शिवराज उठला नाही.

शनिवारी दिवसभर माग चालले. यल्लव्वानं खिडकीला हात लावला नाही. आता त्यात अर्थ उरला नव्हता. बटणही दाबलं नाही.

रविवारी करंटवाल्यांनी तारा बदलायला काढल्या. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत करंट नाही, असं पेपरात आलं होतं. दहाला चारी माग एका दमात गप्प झाले. गल्लीतले सगळेच झाले. इतका गप्पपणा झाला की कोथिंबीरवाल्याची हाक वरपर्यंत आली. पंखाही थांबला. आणि जिन्यावर पाय वाजले, एकाचे नव्हे, चार-पाचांचे.

"चला आक्का," रवळू खुर्ची घेऊन दारात उभा. "आज मागास्नी सुट्टी. तुमास्नी ड्युटी."

खाली आणून तिला चौथ्या मागापुढं बसवली. तिनं आधी कापडाला हात लावला. अंगठ्यानं दाबून बघितलं, उजेडाकडं धरून बघितलं.

"हितं एक तार गेलीय," ती म्हणाली.

"कुठं?" रवळू वाकला. "आगंगं. खरंच की."

"वरनं कानाला गोड लागत हुतास. डोळ्याला न्हाईस."

मग खुर्ची पुढच्या दारात. बीम यायचे नव्हते, त्यामुळं दार मोकळं होतं. सगळी गल्ली पंखे बंद म्हणून उंबऱ्यावर येऊन बसली होती, हातात पुठ्ठे घेऊन, करंटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरत. गंगव्वा तिला बघून रस्ता ओलांडून आली, तिच्या गुडघ्याला हात लावला, तिथंच पायरीवर बसली. कोथिंबीरवाल्याला दोघींनी मिळून पिडलं. कुणाकुणाची दोन वर्षांतली मरणं, बारशी, पळून गेलेल्या पोरी, सगळं यल्लव्वानं उकरून उकरून विचारून घेतलं. जेवणही तिथंच, मांडीवर ताट घेऊन. पाठीवरचं पोलकं घामानं चिकटलं होतं, कपाळावरून धार गळत होती.

"भाळ शेकी," गंगव्वा पुठ्ठा हलवत म्हणाली.

"कुठं गं?" यल्लव्वा म्हणाली. "मला तर काय जानवंना."

संध्याकाळी यायचा करंट चारलाच आला. गल्लीच्या टोकाकडून एकेक माग सुरू होत आला, पाऊस छपरा-छपरावरून चालत यावा तसा. पुठ्ठे आत गेले. गंगव्वा उठली. शिवराज दारात येऊन उभा राहिला.  यल्लव्वाच्या हातात चहाचा कप अर्धा होता. तिनं तो सावकाश, एकेक घोट घेत संपवला. कुणी घाई केली नाही. मग तिनं कप स्वरूपाकडं दिला आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, उचलताना तोल जाऊ नये म्हणून.

चौघांनी वर नेली. खोलीत ओल्या लुगड्याचा गार वास होता. रवळू आणि बाकीचे खाली पळाले. शिवराजनं तिला खाटेवर बसवलं, उशी सारखी केली. जायला वळला आणि दारात थांबला.

"फुडच्या ऐतवारी बी करंट जानार हाय म्हनं. ऱ्हायल्याल्या तारा बदलायच्यात."

यल्लव्वानं मान वर केली.

"म्हनं नको," ती म्हणाली. "हाफिसात जाऊन नीट इचारून ये."